फळी, पेन्सिल आणि पडदा

किरनापूर हे गाव आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांच्या परिचयाचे असेल. मध्यप्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, वैनगंगेच्या खोऱ्यात, आपल्या गोंदियाच्या शेजारी ते तहसिलीचे ठिकाण आहे. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा जिल्हा आणि नागपूर एकाच प्रांतात नांदत होते. त्याही मागे गेले तर तेथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. प्रांतांच्या सीमा कागदावर एका रेघेने सरकतात, परंतु सोयरीक व बोली त्या रेघेबरोबर सरकत नाहीत. म्हणूनच या किरनापुराहून गेल्या पंधरवड्यात आम्हांस एक मराठी पत्र आले, याचे आम्हांस आश्चर्य वाटले नाही. आश्चर्य वाटले ते त्या पत्रातील अक्षराचे. प्रत्येक अक्षर सारख्या उंचीचे, शिरोरेषा पट्टीने ओढावी तशी सरळ, दोन ओळींतील अंतर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच. मजकूर वाचण्यापूर्वीच लिहिणाराचा व्यवसाय ओळखू यावा, असे ते पत्र होते.

पत्रलेखक १९७१ साली एका सरकारी बांधकाम कचेरीत अनुरेखक म्हणून चिकटले आणि मानचित्रकार म्हणून निवृत्त झाले. आपल्याकडे ज्यास आरेखक म्हणतात आणि बोलताना सर्वजण ड्राफ्ट्समन म्हणतात, तोच हा हुद्दा. नोकरीच्या अखेरच्या वर्षांत कचेरीत संगणक आले. पंधरा दिवसांचे शिक्षण देण्यात आले, आणि सोळाव्या दिवशी त्यांच्या जागी कंत्राटावरचा एक मुलगा बसविण्यात आला. त्यांची आरेखनाची फळी कोठारात गेली. निवृत्तीच्या वेळी त्यांनी ती भंगाराच्या भावाने विकत घेतली व घरी आणून भिंतीशी उभी केली. त्यांची कन्या आमच्या भागात दिली आहे, आणि तिच्या मुलास यंदा किनारपट्टीवरील एका वास्तुशास्त्र महाविद्यालयात पाच वर्षांच्या अभ्यासक्रमास प्रवेश मिळाला आहे. नातवास पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आले की, अमुक क्षमतेचा लॅपटॉप हवा. त्याची किंमत, पत्रलेखकांच्या शब्दांत, चांगल्या बैलजोडीएवढी. ती रक्कम मुलीला व आजोबांना मिळून उभी करता येईल. प्रश्न तो नाही. प्रश्न एवढाच की, आपण येताना ती फळी घेऊन यावी काय? की तिकडची मुले हसतील?

प्रश्न साधा आहे. परंतु त्याचे उत्तर शोधू लागल्यावर आम्हांस तो एका आजोबांचा प्रश्न राहिला नाही असे वाटले. आणि म्हणून आजची ही जागा आम्ही त्यास देत आहोत.

हाताने आरेखन करण्याच्या दिवसांविषयी आज जे गहिवरून लिहिले जाते, त्यातील बरेचसे त्या फळीवर कधी न वाकलेल्या मंडळींनी लिहिलेले असते. ते काम कष्टाचे होते. फळीवर टी-स्क्वेअर सरकवीत, सेट-स्क्वेअर टेकवीत, आधी पेन्सिलीने आणि मग ट्रेसिंग कागदावर शाईने रेघ ओढावयाची; रेघ चुकली तर दाढीच्या पात्याने ती शाई हलकेच खरवडावयाची, आणि कागदास भोक पडले तर सारे पहिल्यापासून. जिन्याची एक पायरी बदलली की तळमजला, वरचा मजला, छेद आणि दर्शनी बाजू अशी चार पत्रके बदलावी लागत. आषाढात तर आपल्या दमट हवेने ट्रेसिंग कागद भिजल्या पापडासारखा वर येई आणि शाई पसरे. प्रती काढावयाच्या तर अमोनियाच्या उग्र दर्पात उभे राहून डोळे चोळावे लागत. अनुरेखकाचा जन्म तर दुसऱ्याने काढलेल्या रेघांवरून रेघा काढण्यातच जाई. त्याची पाठ चाळिशीतच वाके आणि इमारतीच्या कोनशिलेवर त्याचे नाव कधी येत नसे. हे सारे संपले म्हणून कोणी अश्रू ढाळावेत, असे आम्हांस वाटत नाही.

तरीही त्याच फळ्यांवर या देशाच्या वास्तुविद्येची आधुनिक परंपरा उभी राहिली, हे विसरता येत नाही. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत वास्तुशास्त्राचे शिक्षण सुरू झाले ते १८९६ साली, आणि तेही आरेखकांच्या वर्गाच्या रूपाने. वास्तुविशारद घडविण्याचा विचार नंतर आला. आधी रेघ ओढणारा हात हवा होता. पुढे क्लॉड बॅटली यांनी त्या शाळेच्या विद्यार्थ्यांना देवळे, वाडे व घाट यांच्याकडे पाठविले, फीत लावून मापे घ्यावयास लावली आणि ती कागदावर उतरवून घेतली. ज्या देशात सूत्रधार आणि स्थपती जमिनीवर चुन्याने आखणी करून मंदिरे उभी करीत, त्या देशातील मुलांना आपल्याच इमारतींची ओळख एका परक्या माणसाने मोजपट्टीच्या साह्याने करून द्यावी, यात विषाद मानावा की कृतज्ञता, हे ज्याचे त्याने ठरवावे. त्याच शाळेतून आचऱ्याचे अच्युत कानविंदे बाहेर पडले. १९१६ साली, आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात असलेल्या त्या गावी जन्मलेला हा कोकणी माणूस हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली शिकून आला, आणि पुढे कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेचे सबंध संकुल त्याने रेखाटले. योगायोग पाहा. १९६३ साली याच कानपूरच्या संस्थेत आयबीएम १६२० हा संगणक येऊन दाखल झाला आणि या देशातील संगणकशिक्षणाचा एक मोठा झरा तेथून वाहू लागला. ज्या संकुलात ते यंत्र आले, त्याची वीट न् वीट पेन्सिलीने कागदावर मांडली गेली होती.

त्याच १९६३ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविज्ञान संस्थेत आयव्हन सदरलँड नावाच्या तरुणाने आपल्या प्रबंधासाठी स्केचपॅड नावाची प्रणाली केली. प्रकाशाच्या लेखणीने पडद्यास स्पर्श करावा आणि पडद्यावर रेघ उमटावी. दोन रेघा समांतर राहा असे सांगितले की त्या समांतर राहाव्यात. ते यंत्र एका खोलीएवढे होते आणि ते घरोघर येईल असे तेव्हा कोणी म्हटले असते तर त्यास वेड्यात काढले असते. परंतु १९८२ साली ऑटोडेस्क ही कंपनी स्थापन झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिने ऑटोकॅड लोकांसमोर ठेवले, जे टेबलावरच्या लहान संगणकावर चाले. आमच्या गोव्यात वास्तुशास्त्र महाविद्यालय सुरू झाले तेही १९८२ सालीच. म्हणजे हे महाविद्यालय आणि ही प्रणाली जवळजवळ एका वयाची भावंडे होत. दोन वर्षांनी हंगेरीतून आर्किकॅड आले. २००० साली रेव्हिट आले, ज्यात रेघ हा प्रकारच दुय्यम ठरला. तेथे भिंत म्हटले की ती जाडी, उंची, साहित्य आणि किंमत यांसह भिंतच असते. एका ठिकाणी खिडकी सरकविली की छेद, दर्शनी बाजू, खिडक्यांची यादी हे सारे आपोआप बदलते. अनुरेखकाच्या चार पत्रकांचे काम एका टिचकीत होते.

या सामर्थ्याबद्दल आमच्या मनात कोणताही किंतु नाही. किरनापुरापासून फार दूर नसलेल्या नागपुरात मेट्रोचे बांधकाम झाले तेव्हा लांबी, रुंदी व उंची या तिघांना काळ आणि खर्च जोडून पाच मितींचा संगणकीय नमुना वापरला गेला. खांब उभा राहण्यापूर्वीच तो केव्हा उभा राहील आणि त्यास किती लागेल, हे पडद्यावर पाहता येई. रुग्णालय, धरण, पूल असल्या कामांत नळ एकीकडून, विजेच्या तारा दुसरीकडून आणि तुळई मधून अशी टक्कर कागदावर दिसत नाही. ती जागेवर दिसते, आणि तोवर काँक्रीट घट्ट झालेले असते. संगणक ती आधी दाखवितो. एवढ्यासाठीही तो हवा.

पण मग आजोबांच्या फळीत आता काही उरले आहे काय? आमचे उत्तर असे की, उरले आहे. आणि ते शाईत वा कागदात नसून मापाच्या जाणिवेत आहे. फळीवर काम करणारा आधी प्रमाण ठरवितो. शंभरास एक म्हटले की एक सेंटिमीटर म्हणजे एक मीटर, आणि हे गणित काही दिवसांनी डोक्यातून बोटांत उतरते. पावणेदोन सेंटिमीटर म्हणजे उभा माणूस, नऊ मिलिमीटर म्हणजे दार. अशा हातास खोली लहान पडते आहे हे गणित न करता कळते. पडद्यास मात्र प्रमाण नाही. चाक फिरविले की माशीएवढे घर पडदाभर होते आणि पुन्हा चाक फिरविले की सारे गाव टाचणीच्या टोकावर मावते. पडद्यावर न्हाणीघर आणि सभागृह सारख्याच आकाराचे दिसू शकते. विद्यार्थी मिलिमीटरच्या तिसऱ्या अंशापर्यंत अचूक रेघ काढतो, आणि त्याने काढलेल्या न्हाणीघराचे दार उघडले की ते भांड्यावर आदळते! परीक्षकाच्या नात्याने बसणाऱ्या अनेक जाणत्या वास्तुविशारदांच्या तोंडून ही तक्रार आम्ही ऐकली आहे. आमच्याकडचे सुतार व गवंडी अजून इंच आणि सूत यांत बोलतात; एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्यांचे ते सूत बोटाच्या टोकावर असते. छापील नकाशावर पडद्याच्या कृपेने आलेले दशांश चिन्हापुढचे आकडे पाहून ते एकमेकांकडे पाहतात आणि कामास लागतात.

दुसरी गोष्ट अपुरेपणाची. मऊ पेन्सिलीने ओढलेली रेघ काहीच पक्के सांगत नाही. येथे अंगण असावे, तेथून वारा यावा, ओटीवरून समुद्र दिसावा, एवढेच ती म्हणते. दोन-तीन रेघा एकमेकींवर येतात आणि त्यांतली कोणती खरी हे ठरविण्यास मनास अवधी मिळतो. यंत्र असला अवधी देत नाही. ते पहिल्याच प्रश्नाला विचारते, भिंत किती जाडीची? आणि उत्तर दिले की लगेच असे चकचकीत चित्र समोर उभे करते की, विचार पुरा झाल्याचा भास होतो. जे मनात अर्धवट आहे ते डोळ्यांस पूर्ण दिसू लागले की माणूस विचार करणे थांबवितो. बिल्बाओ येथील गुगेनहाइम संग्रहालय १९९७ साली उघडले, आणि विमाने रेखाटण्याच्या प्रणालीवाचून ती वेडीवाकडी धातूची पत्रे बसविणे अशक्य होते. परंतु त्याचे कर्ते फ्रँक गेहरी स्वतः संगणकाला हात लावीत नसत. त्यांचे काम सुरू होई ते कागदावरच्या गुंतवळासारख्या रेघोट्यांनी आणि पुठ्ठ्याच्या नमुन्यांनी. यंत्राचा सर्वात धाडसी उपयोग ज्याने करून घेतला, त्याचा हात यंत्रापासून दूर होता, हे लक्षात घ्यावयास हवे.

आपल्या घरचे उदाहरण द्यावयाचे तर चार्ल्स कोरिया यांचे. लहानपणी खेळण्यातल्या आगगाडीचे रूळ कसे मांडावेत याचे नकाशे काढता काढता आपणास आराखड्याची गोडी लागली, असे ते सांगत. मांडवीकाठी कांपाल येथे उभी असलेली आमची कला अकादमी ही त्यांच्याच हातची. १९७३ ते १९८३ या दहा वर्षांत ती घडली. रस्त्यावरून आत शिरणारा माणूस केव्हा इमारतीत आला आणि केव्हा नदीकाठी पोहोचला हे त्यास कळू नये, अशी ती मोकळी रचना. नाट्यगृहाच्या भिंतींवर मारिओ मिरांडा यांनी रंगविलेले प्रेक्षक बसले आहेत. खरे प्रेक्षक कमी असले तरी नटास सभागृह भरलेले वाटते. (आमच्या हौशी नाट्यस्पर्धांच्या काळात या सोयीचा लाभ किती संस्थांनी घेतला, हे येथे सांगत नाही.) या वास्तूची दुरुस्ती चालू असताना २०२३ च्या जुलैत खुल्या रंगमंचावरील छताचा भाग कोसळला आणि सारा गोवा हळहळला. त्यातील दोष कोणाचा, हा आजचा विषय नव्हे. परंतु जुन्या इमारतीस हात लावताना मूळ आरेखनांची गरज किती असते, हे त्या निमित्ताने सर्वांच्या ध्यानी आले. कोरिया यांनी आपली सहा हजारांहून अधिक आरेखने २०१३ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्स या संस्थेच्या स्वाधीन केली. ती तेथे का गेली, येथे त्यांना जागा का नव्हती, हा प्रश्न आम्हांस खुपतो. पण निदान ती आहेत, आणि पन्नास वर्षांनंतरही ती उघडून पाहावयास दोन डोळे पुरेत.

आज एखाद्या तालुक्याच्या गावी जे नाट्यगृह वा रुग्णालय बांधले जात आहे, त्याची आरेखने पन्नास वर्षांनी कोण, कशावर उघडणार आहे? ही भीती काल्पनिक नव्हे, कारण ती आमच्या अंगावरून गेली आहे. वृत्तपत्राच्या धंद्यात शिशाचे खिळे गेले आणि संगणक आले तेव्हा जुळारी मंडळींचे काय झाले ते आम्ही पाहिले. चांगले कंपोझिटर उलटी अक्षरे सुलट वाचावीत इतक्या सहज वाचीत. त्यांतील काही पडद्यापुढे बसावयास शिकले, काहींनी घरी जाऊन किराणा मालाचे दुकान टाकले. पण गंमत पुढेच आहे. त्या पहिल्या संगणकांवर ज्या मराठी फाँटांत आम्ही वर्षानुवर्षे मजकूर जुळविला, ते फाँट युनिकोडपूर्व काळातले, प्रत्येकाची अक्षरयोजना निराळी. आज ती जुनी पाने उघडली की अग्रलेखाच्या जागी रोमन अक्षरांचा व चिन्हांचा खच पडलेला दिसतो. शिशाच्या खिळ्यांनी छापलेले साठ वर्षांपूर्वीचे अंक मात्र वाळवीपासून वाचलेले तेवढे स्वच्छ वाचता येतात. आमच्या अग्रलेखांवाचून जगाचे काही अडले नाही. परंतु पुलाच्या पायातील सळईची जाडी वाचता आली नाही तर अडेल.

त्यात भर भाड्याची. पूर्वी आरेखनाची पेटी एकदा घेतली की जन्मभर पुरे. दांडेकरांनी १९३१ साली शाईच्या पुडीपासून सुरू केलेल्या आणि पुढे कॅम्लिन म्हणून घरोघरी गेलेल्या कारखान्याच्या कंपासपेट्या बापाकडून मुलाकडे जात. आरेखनाच्या प्रणाली मात्र आता विकल्या जात नाहीत, भाड्याने मिळतात. ऑटोडेस्कने २०१६ साली कायमच्या परवान्यांची नवी विक्री बंद केली. वर्षाचे भाडे भरले तरच प्रणाली उघडते, न भरले तर आपण काढलेले आपलेच घर आपणांस नीट उघडता येत नाही. ही तक्रार केवळ आमच्यासारख्या गरिबांची नव्हे. जुलै २०२० मध्ये ब्रिटनमधील नामांकित वास्तुसंस्थांनी, झाहा हदीद आणि ग्रिमशॉ यांच्या नावाच्या संस्थाही त्यांत होत्या, या कंपनीस उघड पत्र लिहून वाढत्या खर्चाबद्दल व प्रणालीच्या खुंटलेल्या प्रगतीबद्दल नाराजी कळविली. लंडनच्या संस्थेस जे परवडत नाही ते कुडाळच्या वा गोंदियाच्या एकांड्या वास्तुविशारदास कसे परवडावे? परिणाम सर्वांस ठाऊक आहे आणि त्याविषयी कोणी मोठ्याने बोलत नाही. चोरीच्या प्रती सर्रास चालतात. ज्या विद्येचा पहिला धडा सरळ रेघेचा, तिच्या विद्यार्थ्याच्या हाती पहिले हत्यार चोरीचे यावे! फ्रीकॅडसारख्या मुक्त प्रणाली उपलब्ध आहेत. त्या अभ्यासक्रमात आणण्यास कोणत्याही महाविद्यालयास परवानगीची वाट पाहावी लागू नये.

सरकार या बदलात केवळ प्रेक्षक नाही, हेही सांगावयास हवे. महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून बहुतेक सर्व शहरांना एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, आणि बांधकाम परवानगीचे अर्ज संगणकावरून करण्याची पद्धत रुळली. मध्यप्रदेशातील नगरसंस्थांतही आराखडे तपासण्याची स्वयंचलित व्यवस्था आहे. येथे नकाशा माणसाने वाचावयाचा नसून यंत्राने वाचावयाचा असतो. भिंत अमुक थरात, हद्द तमुक थरात, सामासिक अंतर तिसऱ्या थरात असे नाव देऊन रेघ काढली नाही तर यंत्र नकाशा परत करते. ज्यांनी नगरपालिकेच्या टेबलांवरून फायली सरकविण्यासाठी काय काय करावे लागते हे भोगले आहे, ते या व्यवस्थेस दुवा देतील, आणि आम्हीही देतो. यंत्र चहापाणी मागत नाही. मात्र यामुळे आरेखनाचे संगणकीकरण हा आता वास्तुविशारदाच्या आवडीनिवडीचा प्रश्न उरला नाही. जो वृद्ध वास्तुविशारद अद्याप फळीवर काम करतो, त्यालाही आपले घर मंजूर करून घेण्यासाठी कोणातरी पोराकडून ते पडद्यावर उतरवून घ्यावे लागते. अनुरेखक गेला असे आपण म्हणतो; तो गेला नाही. तो आता खुर्चीवर बसून, रात्री जागून, मोठ्या कचेऱ्यांसाठी थर रंगवीत आहे, आणि कोनशिलेवर त्याचेही नाव नाही.

किरनापूरसारख्या गावी तर वास्तुविशारदच नसतो. असतो तो मिस्त्री आणि त्याच्या खिशातला मोबाइल. घर बांधणारा माणूस त्यावर कोठल्या तरी शहरातील बंगल्याचे रंगीत चित्र दाखवितो आणि म्हणतो, असे करा. ते चित्र ज्याने काढले त्याने वैनगंगेच्या खोऱ्यातले ऊन पाहिलेले नसते, आणि आमच्याकडे तेच चित्र येते तेव्हा त्याने आपला पाऊसही पाहिलेला नसतो. मग कौलांचा उतार जाऊन सपाट छत येते, पडवी जाऊन काचेची भिंत येते, आणि दुसऱ्या पावसाळ्यात छतावर पत्र्याचा मांडव चढतो. ग्रामीण आवास योजनेत सपाट प्रदेशात एका घरास १ लाख २० हजार आणि डोंगराळ व दुर्गम भागांत १ लाख ३० हजार रुपये मिळतात, घर किमान २५ चौरस मीटरांचे असावे लागते, आणि पाया, भिंती, छत यांची छायाचित्रे स्थळाच्या नोंदीसह मोबाइलवरून पाठवावी लागतात. म्हणजे संगणक गरिबाच्या दारी हिशेब पाहण्यास पोहोचला आहे. त्या घराची रचना सुधारण्यासही तो पोहोचावा म्हणून केंद्र सरकार, दिल्लीची तंत्रविज्ञान संस्था व संयुक्त राष्ट्रांची विकास संस्था यांनी मिळून ‘पहल’ नावाचा, निरनिराळ्या प्रदेशांस अनुरूप अशा घरांचा संग्रह तयार केला. काम चांगले आहे. पण ते मिस्त्रीच्या मोबाइलवरील त्या रंगीत चित्राइतके सहज त्याच्या हाती पडत नाही, आणि तसे पडेल याची तजवीज करणे हे तालुक्याच्या अभियंत्याचे काम आहे. असा अभियंता समोरच्या कागदावर चार रेघा ओढून मिस्त्रीस समजावू शकला पाहिजे. लॅपटॉप उघडेपर्यंत मिस्त्री थांबत नसतो.

तेव्हा शिक्षणाविषयी आमचे म्हणणे थोडक्यात असे. महाराष्ट्रातील शाळांतून पिढ्यान् पिढ्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या चित्रकला परीक्षा होत आल्या आहेत. त्या गुण वाढविण्याचे साधन झाल्या हे खरे, तरी त्यांच्यामुळे खेड्यातल्या मुलाच्या हातीही पेन्सिल आली. वास्तुशास्त्राच्या प्रवेशासाठी २००६ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय अभिरुची परीक्षेतून मध्यंतरी काही वर्षे हाताने काढावयाचे चित्रच गेले होते. २०२४ पासून ते पुन्हा आले, हे योग्य झाले. आता महाविद्यालयांनीही पहिली दोन वर्षे फळी सक्तीची करावी, आणि त्याच दोन वर्षांत संगणकही शिकवावा, पण घराचा पहिला विचार पडद्यावर करू देऊ नये. बॅटलींनी केले तसे विद्यार्थ्यांना फीत घेऊन बाहेर पाठवावे. आमची राजांगणाची घरे आणि चिरेबंदी देवळे झपाट्याने पडत आहेत, आणि त्यांची मापे कोणाकडेही नाहीत. सरकारकडे आमची मागणी निराळी आहे. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या प्रत्येक इमारतीची अंतिम आरेखने टिकाऊ कागदावर छापून पुराभिलेखागारात ठेवावीत, आणि संगणकीय प्रत एखाद्या कंपनीच्या खासगी साच्यात न ठेवता आयएफसी किंवा पीडीएफ-ए यांसारख्या, आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झालेल्या खुल्या साच्यात घ्यावी. कंत्राटातील एका कलमाने हे होण्यासारखे आहे. शेवटचे बिल त्यावाचून चुकते करू नये, म्हणजे ते होईलही.

आणि किरनापूरच्या आमच्या पत्रलेखकांना कळवावयाचे ते असे की, फळी अवश्य आणावी. गाडीत ती वरच्या बर्थवर उभी न ठेवता आडवी ठेवावी, आणि टी-स्क्वेअर वेगळा जाड कापडात बांधावा. त्याची धार एकदा खचली की तो कामाचा राहत नाही, हे आपणांस आम्ही सांगावे असे नाही. मुले हसतील. पहिले काही दिवस हसतील. नातवास दिवाळीच्या सुट्टीत किरनापुरास बोलवावे आणि आपल्या राहत्या घराचे माप घ्यावयास लावावे. फितीचे एक टोक त्याने धरावे, दुसरे आपण. त्याची बैलजोडी त्या वेळी आत पलंगावर राहू द्यावी. मापे तिच्यात संध्याकाळी भरता येतील.